होम मैदानातला ‘होम’ इंग्रजी नाही

सोलापुरात कृषी प्रदर्शनाला आलेला पाहुणा हमखास विचारतो, ‘होम’ मैदान का म्हणतात? आणि आपलाच कुणीतरी सांगून मोकळा होतो, ‘साहेबांच्या काळातलं नाव, घराजवळचं मैदान.’ हे साफ चुकीचं आहे.

हा होम म्हणजे हवन. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत. त्यांच्या गड्डा यात्रेत अक्षता सोहळ्यानंतर, म्हणजे त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या प्रतीकात्मक लग्नानंतर, संक्रांतीच्या रात्री याच मैदानावर होमविधी होतो. बाजरीच्या पेंढीला साडी नेसवतात, मणी-मंगळसूत्र घालतात. ती पेंढी म्हणजे तीच कुंभारकन्या. मग तिला अग्नी देतात. नाव त्यावरून आलं.

दुसरा गैरसमज मला जास्त खुपतो: यात्रा देवाची, शेतीचं प्रदर्शन मागाहून चिकटवलेलं. प्रदर्शनाचा मंडप नवा असेल, पण शेती या यात्रेत मुळापासून आहे. होमानंतर भाकणूक, म्हणजे पुढच्या वर्षाचं भाकीत, होते ती बघा. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, पुढ्यात धान्य, गूळ, गाजर, बोरं ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, बिचकतं का, मुततं का, सगळे श्वास रोखून पाहतात. मुतलं की पाऊस चांगला. त्यावरून पाऊसपाणी आणि भाव सांगतात. विजापूर रोडला रेवणसिद्धेश्वर मंदिरापाशी जनावरांचा बाजारही यात्रेचाच. रब्बीची ज्वारी रानात उभी, पेरणीची घाई सरलेली. शेतकऱ्याला सोलापूर गाठायला पौषासारखा महिना नाही.

तेव्हा ट्रॅक्टर बघायला येणाऱ्या पोरांना त्या वासराचंही सांगा.