खुलासा : 1633 चा खटला पृथ्वीच्या आकारावरून नव्हता

‘पृथ्वी गोल आहे असे म्हटल्यामुळे सतराव्या शतकात युरोपातील धर्मसत्तेने शास्त्रज्ञाला शिक्षा केली,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आहे. हा शास्त्रज्ञ म्हणजे गॅलिलिओ. त्याला शिक्षा झाली, आणि ती अन्यायकारकच होती. तिचे कारण मात्र वेगळे होते. रोममधील 1633 च्या त्या खटल्यात पृथ्वीच्या आकाराचा प्रश्न नव्हताच. सूर्य स्थिर असून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, हे 1543 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेले मत तेथे दोषास्पद ठरले. पृथ्वी गोल असल्याचे तर युरोपातील विद्यापीठांत त्याआधी कित्येक शतके शिकवले जात होते, आणि चंद्रग्रहणात तिची सावली नेहमी वर्तुळाकार दिसते, हा ग्रीकांपासून चालत आलेला पुरावा तेथील विद्यार्थ्यांना ठाऊक असे.

हे पडताळता येते. न्यूरेंबर्ग येथे 1492 च्या सुमारास तयार झालेला पृथ्वीगोल, म्हणजे खटल्याच्या जवळजवळ 140 वर्षे आधीचा, आजही जतन केलेला आहे. शिक्षेच्या निकालपत्राचे अनुवादही उपलब्ध आहेत. त्यांतील आक्षेप पृथ्वीच्या गतीवर आहे. ती गती सिद्ध करणे त्या काळी खरोखर अवघड होते, कारण तिच्यामुळे जवळच्या ताऱ्यांचे स्थान वर्षभरात जे किंचित सरकते, ते खात्रीने मोजता आले 1838 मध्ये.