मॉस्कोतला लेस्या उक्राइंकाचा पुतळा : पार्श्वभूमी

१४ जानेवारी २०२३ रोजी युक्रेनच्या द्नीप्रो शहरात नऊ मजली इमारतीवर रशियन क्षेपणास्त्र कोसळलं आणि ४०हून अधिक माणसं गेली. पुढच्या दिवसांत मॉस्कोतले लोक किएव्हस्की रेल्वे स्थानकाजवळच्या युक्रेनियन कवयित्री लेस्या उक्राइंकाच्या पुतळ्यापाशी फुलं, खेळणी, त्या इमारतीचे फोटो ठेवू लागले. ढीग हटवला की नवा जमायचा. मार्च २०२२पासून रशियात ‘सैन्याची बदनामी’ केल्यास ३० ते ५० हजार रूबल दंड आहे. वर्षभरात पुन्हा तेच केलं, तर फौजदारी खटला. फलकावरच्या मजकुरावर बोट ठेवून कलम लावता येतं, फुलांवर मजकूर नसतो. तरीही धरपकड झालीच.

हा पुतळा २००६चा, दोन्ही देशांचे संबंध बरे होते तेव्हाचा. पण जिचा तो आहे, तिचं मॉस्कोशी नातं कधीच सरळ नव्हतं.

लेस्या म्हणजे लारिसा कोसाच, जन्म १८७१. ती पाच वर्षांची असताना झार दुसऱ्या अलेक्झांडरने जर्मनीतल्या एम्स गावी मुक्कामी असताना आपल्या साम्राज्यात युक्रेनियन भाषेतल्या छपाईवर बंदीचा हुकूम काढला. ‘सगळंच बंद’ असं त्याचं वर्णन केलं जातं, ते अर्धवट आहे. भाषांतरं आणि परदेशात छापलेली पुस्तकं अडली. ललित साहित्याला वाट होती, पण सेन्सॉरची पूर्वपरवानगी हवी आणि लेखन रशियन वर्णलेखनाच्या नियमांनीच हवं. म्हणजे कविता छापायची तर आधी तिचं रूप बिघडवायचं. म्हणून लेस्याच्या पहिल्या कविता १८८४ साली आणि पहिला संग्रह १८९३ साली सीमेपलीकडे, ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या ल्विव्हमध्ये छापला गेला. हाडांच्या क्षयाने तिला लहानपणापासून ग्रासलं होतं. उपचारांसाठी ती देशोदेशी फिरली आणि १९१३ साली जॉर्जियात वारली.

१९१० साली तिने ‘बोयारिन्या’ (म्हणजे सरदाराची बायको) हे नाट्यकाव्य लिहिलं. सतराव्या शतकातली युक्रेनियन ओक्साना झारच्या चाकरीतल्या नवऱ्यामागे मॉस्कोत येते. तिथे बाईने पुरुषांत बसायचं नाही, मोकळं बोलायचं नाही. माहेरच्या मुलखात लढाई पेटलेली असताना नवरा गप्प राहतो आणि ती झुरत जाते. १९२०च्या दशकातल्या समग्र आवृत्तीत हे नाटक होतं. १९७०च्या दशकात सोव्हिएत राजवटीत निघालेल्या बारा खंडांतून मात्र ते वगळलं गेलं.