वामनदादा कर्डक यांच्या गाण्यामागचा नाशिक जिल्हा

लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला आणि १५ मे २००४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. या दोन तारखांच्या मध्ये त्यांनी स्वतः रचलेली आणि स्वतः गायलेली गाणी हजारांत मोजली जातात. यापैकी बहुतेक गाणी आधी लोकांच्या तोंडी बसली आणि छापली गेली ती नंतर. नाशिकच्या साहित्याचा विषय निघाला की कुसुमाग्रजांचे नाव आदराने घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण याच जिल्ह्याने घडवलेल्या या दुसऱ्या कवीच्या गाण्यामागे कोणता इतिहास उभा होता, हेही तितक्याच आस्थेने पाहायला हवे.

सिन्नर तालुक्याला शाहिरीची जुनी परंपरा आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहीर परशराम हे याच तालुक्यातील वावीचे. तमाशा, भजन आणि भारूड हे खेड्यातल्या माणसाचे ऐकण्याचे शिक्षण होते आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्या वामनदादांचा कानही त्यावरच तयार झाला. मात्र त्यांच्या बालपणी या जिल्ह्यात केवळ करमणुकीचेच वातावरण नव्हते. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या बळावर तो काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची घोषणा केली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. या तीनही घटना वामनदादांच्या वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्यांच्याच जिल्ह्यात घडून गेल्या होत्या.

हा विचार वर्तमानपत्र न वाचणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे काम जलशांनी, म्हणजे गाणी आणि संवादांतून प्रबोधन करणाऱ्या कार्यक्रमांनी केले. महात्मा फुले यांच्या विचाराने उभ्या राहिलेल्या सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातील शृंगार बाजूला केला आणि प्रश्न विचारणारा सोंगाड्या मात्र ठेवला. आंबेडकरी जलशांनी हीच वाट पुढे नेली आणि त्यांत भीमराव कर्डक यांचे नाव अग्रभागी आहे. आडनाव सारखे असल्याने दोन्ही कर्डकांची पुष्कळदा गल्लत केली जाते. भीमराव हे जलशाचे, म्हणजे संवाद, सवाल-जवाब आणि नाट्य यांचे कलावंत होते. वामनदादांनी त्यापुढच्या काळात सुट्या गाण्याला स्वतःच्या पायावर उभे केले.

पोटासाठी सिन्नरची माणसे मुंबईला जात, तसे वामनदादाही गेले. गिरणीत आणि मिळेल तेथे मजुरी करीत ते शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले आणि बाबासाहेबांच्या चळवळीतील समता सैनिक दल या स्वयंसेवक संघटनेत दाखल झाले. याच काळातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रात आवर्जून येतो. कोणी एकाने आपले पत्र वाचून दाखवण्यासाठी त्यांच्या हाती दिले आणि आपल्याला अक्षर येत नाही याची त्यांना विलक्षण लाज वाटली. त्यानंतर ते एका शिक्षकाकडून मुळाक्षरे शिकले आणि रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या वाचत त्यांनी जोडाक्षरे पक्की केली. १९४३ मध्ये एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर रचलेले विडंबन हे त्यांचे पहिले गाणे मानले जाते. ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवण्याची ही रीत त्यांनी पुढेही सोडली नाही. यामागे मला कारागिराचा शहाणपणा दिसतो, कारण चाल आधीच ठाऊक असली की ऐकणाऱ्याचे सगळे लक्ष शब्दांकडे लागते.

चित्रपटानेही त्यांना बोलावले होते. १९५९ च्या, वसंत पवार यांचे संगीत असलेल्या ‘सांगत्ये ऐका’ या गाजलेल्या चित्रपटात त्यांचे गाणे आहे. तरीही त्यांचे खरे क्षेत्र गायन पार्टीचेच राहिले. १९५६ चे धर्मांतर आणि त्याच वर्षी झालेले बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण यांनंतर वस्तीवस्तीत जयंतीचे कार्यक्रम वाढले. पेटी, ढोलकी आणि चारदोन साथीदार एवढ्यावर रात्र जागवणाऱ्या पार्ट्या गावोगाव निघाल्या. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते अशा गायकांचा हा काळ होता. आजच्या भीमगीतांच्या ध्वनिमुद्रणांचे मूळ या मांडवांत आहे.

वामनदादांची रचना किती पक्की होती, हे त्यांच्या सर्वपरिचित ‘भीमा तुझ्या मताचे’ या गाण्यात दिसते. ते आनंदकंद वृत्तात चालते, ‘लोक’ आणि ‘टोक’ अशी यमके घेते आणि प्रत्येक वेळी ‘असते’ या शब्दावर येऊन थांबते; म्हणजे गझलेची बांधणी त्यांनी मांडवातल्या माणसाच्या सहज तोंडी दिली. त्यातला राग परक्यांवर नसून बाबासाहेबांचे नाव घेऊन त्यांच्या मताने न वागणाऱ्या आपल्याच माणसांवर आहे, आणि जयंतीच्या गर्दीसमोर हे म्हणायला धैर्य लागते. दुसऱ्या एका गाण्यात ते टाटा, बाटा, साठा आणि वाटा हे शब्द एका यमकात ओवून देशाच्या संपत्तीतला आपला हिस्सा मागतात. मनमाडच्या भाषणातील अर्थकारणाचा मुद्दा मला या चार शब्दांत जितका थेट ऐकू येतो, तितका पुष्कळ लेखांतही येत नाही.

‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे त्यांचे संग्रह प्रसिद्ध झाले, परंतु एवढ्या मोठ्या निर्मितीच्या मानाने छापील भाग थोडाच आहे. संतांप्रमाणे आणि जुन्या शाहिरांप्रमाणे ते शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा गुंफीत. गाणे तोंडी फिरत असताना कर्त्याची ओळख टिकते ती या एका शब्दामुळे. गायकाने वेळेअभावी शेवटचे कडवे गाळले की गाणे उरते आणि नाव जाते. म्हणून जुन्या गायन पार्ट्यांच्या वह्यांत उतरलेली ही गाणी शेवटच्या कडव्यासह गोळा करून, पाठभेद नोंदवून छापणे हे नाशिकमधील साहित्यसंस्थांचे आणि विद्यापीठीय विभागांचे निकडीचे काम आहे. ज्यांनी दादांना समोर बसून ऐकले, ती माणसे आता वयस्कर झाली आहेत.