काटा कोणत्या बाजूला चुकतो?

जुन्या गाडीत पेट्रोलचा काटा चुकीचं दाखवू लागला की लगेच टाकी उतरवायचा विचार होतो. हे काम सगळ्यात शेवटचं. बिघाड पुष्कळदा टाकीच्या बाहेर असतो: गंजलेलं अर्थिंग, सैल झालेला कनेक्टर, घासून सोललेली वायर. आणि बिघाड कुठे आहे हे बऱ्याच अंशी काटाच सांगतो, फक्त तो नेमका कोणत्या बाजूला चुकतोय हे नीट पाहावं लागतं.

आधी यंत्रणा समजून घेऊ. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट एका दांडीला बसवलेला असतो. फ्लोट वरखाली झाला की दांडीच्या दुसऱ्या टोकाचा छोटा स्पर्शक रेझिस्टन्सच्या (प्रवाहाला अडथळा करणाऱ्या) पट्टीवर सरकतो. टाकीतल्या या सगळ्या जोडणीला सेंडर म्हणतात. जुन्या सेंडरमध्ये ही पट्टी म्हणजे अभ्रक किंवा तशाच वीज न वाहणाऱ्या पदार्थावर गुंडाळलेली बारीक तार. इग्निशन चालू केलं की प्रवाह बॅटरीतून फ्यूजमार्गे डॅशबोर्डवरच्या गेजमध्ये, म्हणजे काट्याच्या मीटरमध्ये येतो, तिथून एका वायरने सेंडरमध्ये, पट्टीतून टाकीच्या पत्र्यात आणि बॉडीतून परत बॅटरीकडे जातो. म्हणजे गेज पेट्रोल मोजतच नाही, ते या वाटेवरचा रेझिस्टन्स मोजतं. वाटेत कुठेही दोन-चार ओहम वाढले किंवा घटले तरी गेज ते पेट्रोलच्याच हिशेबात धरतं.

आता महत्त्वाचा मुद्दा: सगळ्या गाड्यांचं माप एक नसतं. जुन्या फोर्ड आणि क्रायस्लरमध्ये टाकी रिकामी असताना साधारण ७३ ओहम आणि भरलेली असताना १० च्या आसपास मिळतात. जनरल मोटर्सच्या १९६० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बहुतेक गाड्यांत उलटं आहे: रिकामीला शून्य, भरलेलीला ९०. व्हीडीओ (VDO) या कंपनीचा एक प्रचलित सेंडर १० ते १८० ओहमचा, तोही भरलेल्या टाकीला जास्त ओहम देणारा. दोन घराणी उलट चालीची असल्यामुळे एकाच बिघाडाची लक्षणंही उलटी दिसतात, म्हणून आपल्या गाडीचं माप सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी बघून घ्यावं. एका घराण्याचा सेंडर दुसऱ्या घराण्याच्या गेजला जोडला तर काटा कधीच खरं दाखवणार नाही, दोन्ही भाग नवे कोरे असले तरी.

पहिली चाचणी दहा मिनिटांची. फ्यूज आणि बाकीचे मीटर चालतात ना ते पाहा. मग सेंडरवरची वायर काढा, ती कशालाही टेकू न देता इग्निशन चालू करा आणि काटा बघा. ७३ ते १० च्या घराण्यात तो रिकाम्यावर पडायला हवा, ० ते ९० च्या घराण्यात भरलेल्याच्याही पलीकडे जायला हवा. आता वायरचं टोक १० ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून बॉडीच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या जागी टेकवा. पहिल्या घराण्यात काटा भरलेल्याकडे चढेल, दुसऱ्यात रिकाम्याजवळ उतरेल. वायर थेट बॉडीला लावायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तापून चालणाऱ्या गेजमधून (आतली पट्टी प्रवाहाने तापून काटा हलवते अशा) तेव्हा नेहमीपेक्षा जास्त प्रवाह जातो आणि आतली तार जळू शकते. शिवाय असं गेज हळू चालतं, काटा जागेवर यायला अर्धा-एक मिनिट लागतो. रेझिस्टर लावला की तेवढा वेळ निर्धास्त थांबता येतं.

काटा दोन्ही टोकांना बरोबर गेला तर गेज आणि वायर ठीक आहेत, बिघाड सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये. नाही गेला तर हीच चाचणी गेजच्या मागे, सेंडरची वायर जिथे जोडलेली असते त्या खिळीवर (टर्मिनलवर) करा. तिथे काटा नीट चालला म्हणजे मधली वायर तुटली आहे किंवा बॉडीला टेकते आहे.

अर्थिंगचा बिघाड सगळ्यात फसवा. समजा टाकी आणि बॉडी यांच्यामधल्या गंजामुळे वाटेत ५ ओहम वाढले. ७३ ते १० च्या गाडीत रिकाम्या टाकीला ७३ चे ७८ झाले, काट्याला फारसा फरक नाही. भरलेल्या टाकीला मात्र १० चे १५ होतात, म्हणजे दीडपट. अशा गाडीत टाकी काठोकाठ भरली तरी काटा वरच्या रेघेला लागत नाही, रिकामी टाकी मात्र तो बरोबर दाखवतो. ० ते ९० च्या गाडीत तेच ५ ओहम खालच्या टोकाला दगा देतात: टाकी संपलेली असते आणि काटा अजून थोडं पेट्रोल आहे असं दाखवत राहतो. रस्त्यात गाडी बंद पाडणारा बिघाड हाच. सोललेली वायर बॉडीला घासत असेल तर रेझिस्टन्स घटतो आणि चूक बरोबर उलट्या बाजूला होते.

अर्थिंग तपासताना सेंडर जोडलेला ठेवा, इग्निशन चालू करा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक सेंडरच्या पत्र्यावर आणि दुसरं बॅटरीच्या ऋण खिळीवर लावा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाट खराब आहे. टाकी रबराच्या किंवा फेल्टच्या पट्ट्यांवर बसलेली असली आणि वर रंग मारलेला असला तर हे होणारच. सेंडरच्या पत्र्यापासून बॉडीपर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची वेगळी वायर, दातेरी वॉशर लावून घट्ट आवळली की काम होतं.

पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकदमच चुकू लागले, तर टाकीकडे जाऊच नका. तापून चालणाऱ्या गेजमध्ये दोन धातूंच्या जोडपट्टीभोवती तार गुंडाळलेली असते. प्रवाहाने पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गाडी बंद असताना १२ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १४.४, म्हणजे १.२ पट; उष्णता १.४४ पट. तेवढंच पेट्रोल असूनही काटा वर चढेल. हे टाळायला डॅशबोर्डमागे छोटा रेग्युलेटर असतो, त्यातही तशीच पट्टी असते. ती तापली की संपर्क सुटतो, निवली की जुळतो, आणि सरासरी सुमारे ५ व्होल्ट मिळतात. ब्रिटिश गाड्यांत सुमारे १०. डिजिटल मल्टिमीटरवर इथले आकडे नाचत राहतात, त्यापेक्षा टेस्ट लॅम्प लावून तो लुकलुकतो का पाहणं सोपं. सतत पेटलेला असेल तर संपर्क चिकटला आहे किंवा रेग्युलेटरचंच अर्थिंग गेलं आहे, आणि दोन्ही गेज पूर्ण १२ व्होल्ट झेलत आहेत. अशी गाडी चालवत ठेवू नये. दोन कॉइलच्या चुंबकी गेजला हा रेग्युलेटर लागत नाही. ते दोन कॉइलच्या ओढीचं गुणोत्तर पाहतं आणि व्होल्टेज वाढलं तरी दोन्ही ओढी सारख्याच वाढतात.

आता सेंडर. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की पेटते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. बंद टाकीत वाफ बहुधा याहून दाट असते. टाकी उघडल्यावर हवा मिसळते आणि मिश्रण धोक्याच्या पट्ट्यात येतं. म्हणून टाकी पाव भागाच्या खाली आणा, बॅटरीचं ऋण टोक काढा, काम उघड्या हवेत करा आणि सेंडरला टाकीत आवळून धरणारी कडी पितळी पंचानेच ठोका. लोखंडी छिन्नीची एक ठिणगी पुरते.

बाहेर काढलेल्या सेंडरला मल्टिमीटर लावून दांडी अगदी सावकाश एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्या. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच तो उडाला किंवा वाट तुटली तर तिथली तार झिजली आहे; चालत्या गाडीत काटा त्याच पातळीला थरथरत असणार. संपर्कावर काळा थर असेल तर तो गंधकाचा असू शकतो. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियाना भागांत जास्त गंधकाचं पेट्रोल पंपांवर गेलं, तेव्हा सेंडरचे चांदीचे संपर्क काळवंडून पुष्कळ गाड्यांचे काटे बिघडले होते. थर स्वच्छ करता येतो, झिजलेली तार परत येत नाही.

पितळी फ्लोट कानाशी हलवून पाहा. आत पेट्रोल खुळखुळलं तर त्याला भोक आहे. न खुळखुळणारा फ्लोट गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तर बुडबुड्यांची बारीक माळ निघते. आत पेट्रोल गेलेल्या फ्लोटला सोल्डरची आच लावू नका, तो फुटू शकतो. नवा घाला.

परत बसवताना गॅस्केट नवंच हवं, आणि दांडी टाकीतल्या आडव्या पत्र्याला कुठे अडकत नाही ना हे पाहावं. बसवल्यावर पाच-पाच लिटर पेट्रोल ओतत काट्याची जागा लिहून ठेवा, दर वेळी दोन मिनिटं थांबून. टाकी सरळ पेटीसारखी नसल्यामुळे काटा निम्म्यावर असताना पेट्रोल निम्मं असेलच असं नाही. काटा पहिल्यांदा हलला तो आकडा ठळक लिहा. त्याच्या खालचं पेट्रोल फ्लोटला दिसत नाही.