कांटचे दोन उदात्त: पुलावरचा आणि आकाशातला

पुण्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढवला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि झेड ब्रिजवर मोबाईल घेऊन गर्दी जमते. खाली गढूळ मुठा उसळत असते. पोटात गोळा येतो, पण पाय निघत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं १७९० मध्ये ज्याला उदात्त म्हटलं (आपल्याला थिटं पाडणाऱ्या अफाटापुढे अस्वस्थता आणि आनंद एकत्र येण्याचा अनुभव) त्यातला हा एक प्रकार. दुसरा निराळाच आहे, आणि चर्चेत दोघांची हटकून गल्लत होते.

पुलावरचा उदात्त शक्तीचा. या पाण्यापुढे देहाचं काही चालणार नाही हे कळतं. तरी आपल्यातलं नैतिक स्वातंत्र्य त्याला वाहून नेता येत नाही, हेही जाणवतं. अट मात्र आहे: आपण सुरक्षित हवं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि काठच्या पेठांत पाणी शिरलं. तेव्हा जीव मुठीत धरून पळणाऱ्याला कसला उदात्त! घाबरलेल्या माणसाला ‘हे उदात्त आहे’ असा निर्णय करताच येत नाही, असं कांटही म्हणतो. (पुलावरच्या गर्दीत नैतिक स्वातंत्र्य किती आणि निव्वळ मौज किती, ही शंका मला आहेच.)

दुसरा उदात्त गणिती, म्हणजे आकाराच्या अफाटपणाचा. त्यात भीती नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटरवर विखुरलेल्या. जवळ गेलं तर एकही नजरेत मावत नाही, तरी मान फिरवत तुकडे जोडता येतात. पण तिथे ज्या दीर्घिकांच्या रेडिओलहरी टिपतात, त्यांची अंतरं? अब्जावधी प्रकाशवर्षं. आकडा लिहिता येतो, डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. कल्पनाशक्ती एकेक भर कितीही घालत जाईल. सगळं एकदम धरायला गेलं की पुढचं घेताना मागचं निसटतं. प्रज्ञा, म्हणजे सगळं पूर्ण मागणारी बुद्धी, मात्र ‘अख्खं दाखव’ म्हणून अडून बसते. या ओढाताणीत आधी चडफड होते, मग आनंद: चित्रात न मावणाऱ्याचा विचार आपल्याला करता येतो!

म्हणून प्रतिमेची मर्यादा गणिती उदात्तात जास्त लख्ख दिसते, असं मला वाटतं. पुराचा व्हिडिओ निदान निघतो तरी. विसाव्या शतकात फ्रेंच तत्त्वज्ञ ल्योतारनं आधुनिक चित्रकलेबद्दल लिहिताना कांटचा धागा उचलला: दाखवता न येणारं काही आहे, एवढीच सूचना चित्रानं द्यावी. अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनच्या भल्यामोठ्या एकरंगी पटावर एखादी उभी पट्टी असते. ती कशाचं चित्र आहे, हे विचारून हाती काही लागत नाही.