नाशिक–दुबई हवाई अंतर आणि प्रवासकाल

नाशिकजवळच्या ओझर विमानतळापासून दुबई विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे १,९८५ किलोमीटर, म्हणजे साधारण १,०७० सागरी मैल आहे. हे अंतर बृहद्वृत्तावर मोजतात. पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावर दोन ठिकाणांमध्ये दोरी ताणून धरली, तर ती ज्या रेषेत बसेल ती ही रेषा.

मुंबई ते दुबई हे अंतर सुमारे १,९२७ किलोमीटर. ओझर मुंबई विमानतळापासून सरळ रेषेत १५० किलोमीटरहून अधिक दूर असूनही दुबईच्या अंतरात जेमतेम ६० किलोमीटरची भर पडते. याचे कारण दिशेत आहे. नाशिक मुंबईच्या ईशान्येला आहे आणि दुबईची वाट वायव्येला जाते. हे ६० किलोमीटर जेट विमान चार-पाच मिनिटांत कापते. प्रत्यक्षात मात्र दुबईला निघालेला नाशिककर सहसा आधी नैर्ऋत्येला, मुंबईला जातो. इगतपुरी आणि कसारा घाट ओलांडत रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर. चार-पाच तास हाताशी ठेवूनच लोक घर सोडतात, शिवाय विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे असते. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्याने घाट टाळता येतो, पण आमण्यापुढची महानगरातली गर्दी राहतेच. म्हणून नाशिकसाठी दुबईचे अंतर किलोमीटरपेक्षा तासांत मोजणेच खरे.

मुंबईहून जाणाऱ्या विमानाला साधारण तीन ते सव्वातीन तास लागतात, परतताना पावणेतीन ते तीन. वेळापत्रकातला हा काळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीसाठीची रांगही त्यात येते. जाण्या-येण्यातल्या फरकाचे मुख्य कारण वारा. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. ते जाताना समोरून येतात, येताना पाठीशी असतात. पावसाळ्यात हा पश्चिमी प्रवाह उत्तरेकडे सरकतो आणि फरक कमी होतो.

दुबईचे घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी १० वाजता मुंबईहून सुटलेले विमान सव्वातीन तास उडून दुबईत स्थानिक वेळेनुसार ११.४५ला उतरते. उलट दुबईहून सकाळी १०ला निघालेले, पावणेतीन तास उडूनही, मुंबईत दुपारी २.१५ला पोहोचते. तिकिटावरच्या दोन वेळांची नुसती वजाबाकी केली, तर जाणे पावणेदोन तासांचे आणि येणे सव्वाचार तासांचे वाटते. घ्यायला नाशिकहून गाडी काढणाऱ्या घरच्यांनी हा हिशेब पक्का करून ठेवावा. तिकिटावर उतरण्याची वेळ त्या-त्या गावचीच छापलेली असते, तिच्यात पुन्हा दीड तास मिळवायचा नसतो.

नाशिकची द्राक्षे आणि कांदा बहुतांशी न्हावा शेवा बंदरातून जहाजाने आखातात जातात. विमान ओमानच्या भूमीवरून थेट जाऊ शकते. जहाजाला मात्र होर्मुझच्या सामुद्रधुनीतून वळूनच दुबईच्या जेबेल अली बंदराला लागावे लागते, आणि समुद्रावरच तीन-चार दिवस जातात. शीत कंटेनरमध्ये द्राक्षाचा घड देठासकट ताजा राखायचा तो या दिवसांसाठी.