लहान मुलांमधला अ‍ॅनिमिया (भारत) : रक्त कमी होण्याची कारणं

अ‍ॅनिमिया म्हणजे घरात ज्याला सरळ ‘रक्त कमी आहे’ म्हणतात तेच, जुनं नाव पंडुरोग. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन 100 मिली रक्तात 11 ग्रॅमच्या खाली असलं की अ‍ॅनिमिया, ही बरीच वर्षं चालत आलेली मोजपट्टी. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 2 वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ती 10.5 केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 2015-16 ला देशातली 58.6 टक्के मुलं यात होती, 2019-21 ला 67.1 टक्के, आणि महाराष्ट्रात 68.9, म्हणजे पुढारलेलं राज्य म्हणवून घेतो पण इथे आपण देशाच्याही मागेच. अर्थात हे आकडे बोटाला टोचून काढलेल्या थेंबावरचे, 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं तेव्हा 1 ते 4 वर्षांच्या मुलांत प्रमाण साधारण 41 टक्केच निघालं, त्यामुळे आकड्यांवर वाद आहेच. पण 41 तरी काय कमी आहे का?

सुरुवात बाळ जन्मायच्या आधी होते. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं, आणि पहिले 6 महिने पुरणारं लोह बाळ आईच्या पोटातूनच घेऊन येतं, आणि आपल्याकडे 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांचंच रक्त कमी, मग शिदोरी कुठून भरणार. बाळ दिवस भरायच्या आधी झालं, वजन कमी असलं, किंवा नाळ घाईने कापली (एक-दोन मिनिटं थांबलं तरी बाळाला जास्तीचं रक्त मिळतं) तर आणखी तूट.

खरा घोळ मात्र 6 महिन्यांनंतरचा. आईच्या दुधात लोह थोडंच असतं, वरचं खाणं उशिरा सुरू होतं, आणि झालं तरी काय, वरणाचं वरचं पाणी आणि भाताची पेज, खालची घट्ट डाळ मोठ्यांच्या ताटात! त्यात चहात बुडवलेलं बिस्किट, ‘पोर आवडीने खातं’ म्हणून. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. बाटलीभर गाईच्या दुधाचंही तसंच, त्यात लोह जवळपास नाही आणि पोट मात्र भरतं. म्हणूनच चांगल्या खात्यापित्या घरातली गुटगुटीत पोरंही यात सापडतात. ज्वारी-बाजरीत लोह असतं पण फायटेटमुळे (धान्यातला लोह अडवणारा घटक) थोडंच शोषलं जातं, सोबत लिंबू पिळलं तर फरक पडतो. मूल माती, खडू खायला लागलं तर ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं, ओरडण्याआधी रक्त तपासावं.

अनवाणी फिरण्यातून अंकुशकृमी शिरतो आणि आतड्यातून रक्त शोषत राहतो, जंताची गोळी (1 ते 2 वर्षांच्या मुलाला अर्धीच) त्यासाठीच असते. वारंवारचे जुलाब, ताप, गडचिरोलीसारख्या भागात मलेरिया, हेही आहेच. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आणि काही समाजांत थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतात, तिथे कारण रक्तातच असल्यामुळे नुसत्या लोहाने भागत नाही, आधी तपासणी.

2018 पासूनच्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं सिरप द्यायचं असतं, आशाताई बाटली घरी देऊन जाते, पण शी काळी व्हायला लागली की घरचे घाबरतात आणि बाटली फळीवर जाते. शी काळी होणं लोहामुळेच असतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण बाटली देताना हे एक वाक्य सांगायचंच राहून जातं.